शाबासकी पुरे, आता ऐका!

उल्हासनगर, कल्याण, अंबरनाथच्या नागरिकांनो,

‘शून्यातून उभं राहावं तर सिंध्यांनी!’ हे कौतुक आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो. कौतुक खरंच आहे. पण त्याच्या गडबडीत एक साधा प्रश्न राहून गेला: बाबांनो, तुमचं काय काय गेलं?

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि फाळणीनंतरही सिंधमध्येच थांबलेल्या हिंदूंचा धीर सुटला. बोटी भरभरून माणसं मुंबईला उतरली. हजारोंना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत आणलं. एका बराकीत अनेक बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचे पडदे. मोकळेपणी रडायलाही आडोसा नाही! ८ ऑगस्ट १९४९ ला छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ता मात्र आजही कॅम्पच्या नंबरानेच सांगतात. पंजाबचा, बंगालचा निदान एक भाग भारतात राहिला. सिंधचं एक गावही नाही.

ही माणसं नुसत्या जिद्दीवर तगली, असं म्हणणं अर्धवट आहे. शेजारी आपल्या भाषेत बोलणारा होता. पापड लाटण्याचं काम घरबसल्या होतं. झुलेलालच्या चाळिहा व्रताचे चाळीस दिवस सगळी गल्ली एकत्र येत होती. म्हणून विस्थापितांना चार दिशांना पांगवायचं, हातात खोलीची किल्ली ठेवायची आणि ‘पुनर्वसन झालं’ म्हणून फाइल बंद करायची, या सरकारी रीतीचा आम्ही धिक्कार करतो. शेजार तोडून माणूस सावरत नाही.

आणि सगळे सावरले असंही नाही. पोरांची पोटं भरायची होती, आईबाप गप्प राहिले. तेव्हाची लेकरं आज ऐंशीच्या घरात आहेत, कित्येक त्याही पुढे. अशा अम्मांसमोर माइक धरू नका, त्या बुजतात. सोबत पापड लाटायला बसा. मिऱ्याचा वास नाकात, हात लाटण्यावर, नजर पोळपाटावर असली की दार ओढून घेताना मागे काय राहिलं, ते बोलणं आपसूक निघतं. मध्येच थांबल्या तर थांबू द्या.

महानगरपालिकेने एक तरी बराक आहे तशी जपावी. दवाखान्यात वृद्धांसाठी सिंधी बोलणारा समुपदेशक नेमावा. शाळांनी, मराठी शाळांनीसुद्धा, या आजी-आजोबांना वर्गात मानाने बोलवावं. येत्या चेटीचंडच्या, म्हणजे सिंधी नववर्षाच्या आत हे सुरू झालं पाहिजे.

पत्रक वाचून पुढच्या दारी द्या.