आधी वही, मग कॉम्प्युटर

मी कॉन्व्हेंटवाली, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या! नॉर्वेच्या कार्ल स्टॉर्मरने १९०४ पासून ध्रुवीय प्रकाश घडवणाऱ्या भारित कणांचे मार्ग मदतनीस घेऊन, हाताने आकडेमोड करत काढले. वर्षानुवर्षं! मी तेच गणित ऑयलर मेथडने एका रात्रीत कॉम्प्युटरवर केलं. ग्राफ एकदम झकास! पूर्ण मार्कही मिळाले. नंतर पाहिलं, तर इलेक्ट्रॉनचा स्पीड वाढतच चालला होता. चुंबकीय बल नेहमी वेगाला काटकोनात असतं; ते दिशा वळवतं, स्पीड वाढवत नाही. म्हणजे सगळंच चूक! वहीत करून पाहिलं, पहिल्याच स्टेपला चूक दिसली. कॉम्प्युटर चूकसुद्धा सुंदर रंगवतो. म्हणून म्हणते, रन करण्याआधी निदान दोन स्टेप्स हाताने करा.