धानाच्या बांधींतील शेवाळ आणि युरियाची गोणी

धानाच्या बांधींत सांचलेल्या पाण्यावर जें निळसर-हिरवें शेवाळ येतें, त्यास पुष्कळ शेतकरी कचरा समजतात. परंतु त्याच्या कांहीं जाती हवेंतील नत्र बांधून जमिनीस देतात, हें पी. के. डे यांनीं १९३९ सालींच लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेंत दाखविलें. आज हें शेवाळ वाळवून खत म्हणून मिळतें, व बरेच जण तें युरियाच्या पुऱ्या मात्रेबरोबरच टाकतात. ही रीत तोट्याची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कारण असें. अ‍ॅनाबीना नांवाचें शेवाळ म्हणजे सूक्ष्म पेशींची माळ होय. नत्राचा तुटवडा पडला म्हणजे सुमारें दहा-वीस पेशींमागें एक पेशी जाड कवच धारण करते, प्राणवायु सोडण्याचें बंद करते व केवळ नत्र बांधण्याचें काम पत्करते. कारण तें काम करणारें द्रव्य प्राणवायूनें बिघडतें. हा पालट एका दिवसांत होतो. पेशींतील जनुकांचें दप्तर तेंच असतें. पण कचेरींत जसा गरजेचाच रुमाल सोडतात, तसें तेथेंही घडतें. तुटवड्यांत ‘हेट-आर’ हें जनुक जागृत होतें व त्यामागून इतर जनुकें. युरियापासून पाण्यांत अमोनिया झाला, कीं तो रुमाल पुन्हा बांधला जातो. अर्थात् दोन्ही एकदम टाकणें म्हणजे पगारी गडी ठेवून नांगर आपणच धरणें होय.

उष्णता व क्षार यांचेंही असेंच आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतील आपटे व भागवत यांनीं १९८९ सालीं दाखविलें कीं, अशा संकटांत अ‍ॅनाबीना निरनिराळीं प्रथिनें तयार करतें, आणि क्षार सोसण्याची शक्ति सर्व वाणांत सारखी नसते. म्हणून परमुलखांतील वाणापेक्षां आपल्याच बांधींतील शेवाळ वाढविणें श्रेयस्कर.

युरिया अजिबात सोडा, असें आम्ही म्हणत नाहीं. अनुकूल स्थितींत शेवाळापासून एका हंगामांत हेक्टरीं सुमारें २० ते ३० किलो नत्र मिळतें. सुधारलेल्या धानाची भूक त्याहून मोठी आहे. मिहानकडील कपाशीच्या रानांत पाणी उभें राहत नसल्यानें तेथें हा उपाय लागू नाहीं. परंतु प्रकल्पांत जमीन गेल्यावर ज्यांनीं मौदा-रामटेकाकडे धानाची शेती घेतली असेल, त्यांनीं याचा अवश्य विचार करावा.

मंडळानें येत्या खरिपांत शेजारच्या दोन बांध्या निवडाव्या. एकींत युरियाची पुरी मात्रा द्यावी. दुसरींत शेवाळ सोडून तितकें नत्र कमी करावें, व उरलेला युरिया शेवाळ धरल्यावर द्यावा. नंतर दोहोंचें धान मोजून खर्चासह ह्याच मासिकांत छापावें. दुकानदाराच्या शब्दापेक्षां तो हिशेब आपणांस अधिक उपयोगी पडेल.