नखरे नाहीत हो ते!

प्रत्येक ग्रुपमध्ये अशी एखादी असतेच. ट्रेकला निघालो की हिच्या सॅकमध्ये निम्मी औषधं. कँटीनमध्ये सगळे शेजवान नूडल्स मागवतात, ही गुपचूप डबा उघडते. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला वीस मिनिटं नाचली की चेहरा लालबुंद, अंगावर गांधी, पोटात कळ. आणि तासाभराने बघावं तर एकदम ठणठणीत! मग कोणीतरी म्हणतंच, ‘झालं हिचं सुरू. अटेन्शन पाहिजे, दुसरं काय!’ आपण हसतो. तीही हसते. पुढच्या प्रॅक्टिसला मात्र ती येत नाही.

खरं सांगा, तुम्हीही कधीतरी हसला असाल ना?

अशा त्रासाची कारणं बरीच असू शकतात. साधं पित्त उठलेलं असू शकतं, एखादी ॲलर्जी असू शकते. पण त्यात एक कारण असंही आहे, ज्याचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. ते म्हणजे मास्ट सेल ॲक्टिव्हेशनचे विकार. नावात ‘मास्ट’ असलं तरी त्यात मस्त काही नाही.

मास्ट पेशी तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच शरीरात असतात. त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यात, रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. कणांनी गच्च भरलेल्या या पेशी त्याला खाऊनपिऊन टम्म झाल्यासारख्या वाटल्या, म्हणून त्याने खुराकाशी संबंधित जर्मन शब्दावरून हे नाव दिलं. त्या कणांमध्ये हिस्टामिनसारखी रसायनं असतात. या पेशी म्हणजे शरीराचे वॉचमन. चोर आला की शिट्टी मारायची, हे त्यांचं काम. पण काहींच्या शरीरातला वॉचमन मांजर गेलं तरी शिट्टी फुंकतो. ऊन, थंडी, व्यायाम, दारू, गांधीलमाशीचा डंख, परीक्षेचा ताण, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी, काहीही निमित्त पुरतं. पेशी सगळीकडे असल्यामुळे त्रासही एकाच वेळी अनेक ठिकाणी होतो. त्वचेला खाज, पोटात मुरडा, छातीत घरघर, कधी रक्तदाब उतरून चक्कर.

घरी काय होतं? ‘उष्णता झाली असेल, आमसुलाचं पाणी लाव.’ मग त्वचेचा डॉक्टर वेगळा, पोटाचा वेगळा, चक्कर येते म्हणून तिसरा. फायली तीन, आणि तिन्ही एकत्र कोणी बघतच नाही.

त्यातून खरी गोची पुढेच आहे. या त्रासाचा पुरावा टिकत नाही. झटका आल्यावर रक्तातलं ट्रिप्टेज नावाचं द्रव्य वाढतं, पण ते तपासायला रक्त साधारण चार तासांच्या आत घ्यावं लागतं. त्रास नसतानाच्या पातळीशी ते ताडून बघायचं असतं. रात्री हॉस्टेलवर झटका आला आणि ती सकाळी ओपीडीच्या रांगेत उभी राहिली, तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. अंगावरच्या गांधीही गेलेल्या असतात. डॉक्टरांना दिसते ती फक्त एक दमलेली मुलगी.

म्हणूनच मला वाटतं, अशा वेळी रूममेट आणि मित्र हे नुसते सोबती नसतात, ते साक्षीदार असतात. झटका प्रत्यक्ष बघितलेला असतो तो तुम्हीच! आणि साक्षीदारच ‘नाटक आहे’ म्हणाला, तर तिने कोणाकडे जायचं? तेव्हा टोमणा मारण्यापेक्षा तिला विचारून गांधींचे फोटो काढा. किती वाजले होते, त्याआधी काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, ऊन होतं का, हे लिहून ठेवा. अशा दोन-तीन नोंदी डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

आता नाण्याची दुसरी बाजू. रील बघून ‘मलाही हेच झालंय’ म्हणणारेही वाढलेत. प्लीज, तसं नको! निदानासाठी डॉक्टर तीन गोष्टी बघतात. शरीरातल्या किमान दोन संस्थांना पुन्हा पुन्हा होणारा त्रास, तपासणीत मिळालेला पुरावा आणि औषधांनी पडलेला फरक. इंटरनेटवरची यादी वाचून दूध, गहू, टोमॅटो सगळं सोडलं, तर आजारापेक्षा उपासमारच आधी गाठेल. ॲलर्जीच्या तज्ज्ञाला भेटा. बऱ्याच जणांना हिस्टामिन रोखणाऱ्या गोळ्या नियमित घेऊन आणि आपलं निमित्त ओळखून ते टाळून आराम पडतो.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. श्वास लागला, घसा आवळल्यासारखा झाला, ओठ-जीभ सुजली किंवा अंगावर गांधी असताना भोवळ आली, तर ती ॲनाफिलॅक्सिस असू शकते. तिथे सेटिरिझिन देऊन वाट बघत बसायचं नाही. तिथे लागतं ते ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. डॉक्टरांनी ते तिच्याजवळ ठेवायला दिलं असेल, तर कुठे असतं आणि कसं द्यायचं, हे तिच्याकडून आधीच शिकून घ्या. इंजेक्शन असो वा नसो, लगेच १०८ ला फोन करा. तिला आडवं झोपवून पाय वर ठेवा, श्वास लागत असेल तर बसू द्या. ‘चल, उठ, जरा चाल’ असं मुळीच करू नका. अचानक उभं केल्याने जिवावर बेतू शकतं.

कॉलेजनेही थोडं करावं. परीक्षेच्या हॉलमध्ये औषधाचा डबा जवळ ठेवायला परवानगी, पंख्याखालची जागा, एनएसएसच्या कॅम्पआधी ‘कोणाला कशाचा त्रास होतो’ अशी साधी विचारणा. याला काही मोठं बजेट लागत नाही.

आणि आपल्याला? आपल्याला तर एकच वाक्य बदलायचंय. पुढच्या वेळी ती प्रॅक्टिस अर्धवट सोडून भिंतीला टेकून बसली, की ‘झालं सुरू’ म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘काय होतंय? मी काय करू?’