फिजिक्सवाल्यांचं ऑनसाइट

आमच्या धंद्यात 'ऑनसाइट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डॉलर, बर्फातले फोटो आणि येताना आणायची चॉकलेटं येतात. पण कंपनी काही आपल्याला बर्फ दाखवायला पाठवत नाही. क्लायंटकडे वीस वर्षं जुनी सिस्टीम असते, तिची डॉक्युमेंट्स ढीगभर असतात, आणि तरीही दोन-तीन जणांना तिथे सहा-आठ आठवडे बसवावंच लागतं. कारण डॉक्युमेंट लिहिणाऱ्याने "हे काय, सगळ्यांना माहीतच असतं" म्हणून जे गाळलेलं असतं, नेमकं तेच आपल्याला हवं असतं. ते त्याच्या शेजारी बसून, त्याच्याबरोबर कॉफी पिऊन, त्याला कंटाळा येईस्तोवर प्रश्न विचारूनच मिळतं. या खर्चाला कुठलाही मॅनेजर 'शिष्यवृत्ती' म्हणत नाही. तो प्रोजेक्टचा खर्च असतो आणि बजेटमध्ये त्याची ओळ असते.

पार्टिकल फिजिक्स शिकणाऱ्या पोरांना परदेशातल्या संस्थांत काही महिने काम करायला जी अनुदानं मिळतात, ती माझ्या मते अगदी हीच गोष्ट आहे. पण आपल्याकडे त्यांच्याकडे बघायच्या तऱ्हा दोनच. एक म्हणजे "काय नशीब काढलंय पोराने!" आणि दुसरी, "गेला, आता कसला परत येतोय."

एक उदाहरण देतो, आपल्या ओळखीच्या भागातलं. सर्नच्या २७ किलोमीटर घेराच्या यंत्रात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळले की काय काय बाहेर पडेल, हे संगणकावर घडवून बघावं लागतं, नाहीतर खऱ्या प्रयोगात दिसलेलं नवीन आहे की जुनंच, ते कळणार कसं? त्यासाठी 'इव्हेंट जनरेटर' नावाचे प्रोग्रॅम असतात : पिथिया, हर्विग, शेर्पा. पिथिया स्वीडनमधल्या लुंडचं, टॉर्ब्यॉर्न ख्यॉस्ट्रांड आणि मंडळींनी वाढवलेलं. बरीच वर्षं ते फोर्ट्रानमध्ये होतं, २००७ साली सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिलेली आवृत्ती बाहेर आली. (ज्यांनी जुना कोड नव्या भाषेत नेलाय त्यांनी इथे दोन मिनिटं शांतता पाळावी.) २००६ साली पिथिया ६.४ चं जे मॅन्युअल निघालं ते ५७६ पानांचं आहे. पानोपानी फिजिक्स, प्रत्येक स्विचचा अर्थ, सगळं. आम्हाला कधी एवढं डॉक्युमेंटेशन मिळालं असतं तर आम्ही ऑफिसात पेढे वाटले असते.

आणि एवढं असूनही या प्रोग्रॅम्सच्या लेखकांनी एकत्र येऊन 'एमसीनेट' नावाचं जाळं उभं केलं. २००७ पासून तीन फेऱ्यांत त्याला युरोपियन युनियनच्या मारी क्युरी योजनांतून पैसे मिळाले. त्यात एक फार शहाणपणाची सोय होती : जगातल्या कुठल्याही विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मुलाने तीन ते सहा महिने यायचं, कोड लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसायचं, एक ठरलेलं काम पुरं करायचं आणि आपल्या गावी परत जायचं. मॅन्युअल लिहिणाऱ्यांनाच मॅन्युअलवर भरवसा नाही म्हणा ना :-)

मारी क्युरीच्या मोठ्या, म्हणजे अख्ख्या पीएचडीसाठीच्या, अनुदानांचा एक नियम तर मला भयंकर आवडतो. नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ज्या देशात राहिलात, त्या देशात ते अनुदान मिळत नाही. म्हणजे घर सोडणं ही सवलत नाही, अटच!

यात नवीन काही नाही. होमी भाभा मुंबईहून केंब्रिजला गेले ते आपल्यासारखेच इंजिनिअर व्हायला. घरच्यांची इच्छा तीच होती. पण पुढे फिजिक्सकडे वळल्यावर १९३२ मध्ये त्यांना प्रवासासाठीचीच एक विद्यार्थीवृत्ती मिळाली, राउज बॉल नावाची, आणि त्या पैशावर ते झुरिकला पाउलींकडे आणि रोमला फर्मींकडे जाऊन काम करून आले. नंतर आयझॅक न्यूटन विद्यार्थीवृत्ती, कोपनहेगनला बोर यांच्याकडे मुक्काम. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे उसळतात याचं त्यांनी १९३६ साली छापलेलं गणित आज 'भाभा स्कॅटरिंग' म्हणून जगभर वापरतात. सर्नच्या लेप यंत्रावर, १९८९ ते २०००, टकरींचा दर मोजायला तेच वापरायचे. १९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले, युद्ध सुरू झालं आणि ते इथेच राहिले. १९४५ ला टीआयएफआर. आता गंमत बघा : युद्ध झालं नसतं आणि भाभा केंब्रिजला परत गेले असते, तर आपल्या हिशेबाने त्या विद्यार्थीवृत्त्या 'वाया' गेल्या असत्या का?

हा परत येण्या-न येण्याचा प्रश्न ज्याने सगळ्यात जास्त सोसला, तो माणूस आपल्या शेजारचा. अब्दुस सलाम १९५१ मध्ये केंब्रिजहून लाहोरला परतले. कॉलेजात संशोधनाला वाव नव्हता, उलट शिकवण्याखेरीज काहीतरी काम घ्या म्हणून त्यांच्या गळ्यात फुटबॉल टीम बांधण्यात आली. विषयातलं बोलायला माणूस नाही. १९५४ मध्ये ते पुन्हा केंब्रिजला गेले. पण ही बोच त्यांनी ठेवली आणि १९६४ मध्ये इटलीत ट्रिएस्टला आयसीटीपी ही संस्था सुरू केली. तिथली 'असोसिएट' योजना म्हणजे मला तरी या सगळ्या प्रकारातली सर्वांत हुशार कल्पना वाटते. गरीब देशातल्या संशोधकाने नोकरी आपल्याच देशात करायची, पण काही वर्षांच्या मुदतीत पुन्हा पुन्हा ट्रिएस्टला येऊन काही आठवडे काम करून जायचं. एकदाच पाच वर्षं नेलं तर माणूस तिथलाच होतो. थोडं थोडं पण वारंवार नेलं तर इथे राहूनही तो जगाशी जोडलेला राहतो. घर सोडायची अट मला पटते, पण घर तोडायची नाही. माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा लांबलचक फेलोशिप एकाला देण्यापेक्षा तीन-तीन महिने चौघांना द्यावेत.

"याचा उपयोग काय?" असं कोणी विचारलंच तर आपल्या लोकांनी तरी विचारू नये. टिम बर्नर्स-ली १९८४ मध्ये सर्नला आले ते फेलोशिपवरच. वेबचा प्रस्ताव १९८९ चा. असो.

आता मुख्य तक्रार. भारत १६ जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. त्याआधीही आपण काही कमी केलं नव्हतं, एलएचसीची चुंबकं ज्या जॅकवर तोललेली आहेत ते हजारो जॅक भारतातून गेलेत. सहयोगी सदस्य झाल्यावर आपल्या नागरिकांना सर्नच्या फेलोशिप आणि मुदतीच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो. म्हणजे दारं उघडी आहेत. पण दारापर्यंत जायचा खर्च कोण करणार?

माझ्या मित्राचा धाकटा भाऊ असाच तीन महिन्यांसाठी युरोपातल्या एका विद्यापीठात गेला. (नाव घेत नाही.) अनुदान मंजूर, पत्र हातात, घरी श्रीखंड वगैरे. मग कळलं की पैसे 'आधी खर्च करा, मग बिलं द्या' पद्धतीचे. व्हिसा, विमा, तिकीट, खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं सगळं पदरचं. तिथे पोचल्यावर पैसे जमा व्हायला स्थानिक बँकेत खातं हवं, खात्याला पत्ता हवा, पत्त्याला खोली हवी आणि खोलीला डिपॉझिट! याला आम्ही डेडलॉक म्हणतो. पहिला पैसा हातात पडला तो आठव्या आठवड्यात. तोवर एसटीतून रिटायर झालेल्या वडिलांनी मोडलेल्या एफडीवर पोरगा जगत होता. तो म्हणतो, त्याच्याच लॅबमधल्या एका मुलीने याच कारणासाठी अर्ज केला नाही. हुशार होती, गाइडनेही सांगितलं होतं. पण घरी मोडायला एफडीच नव्हती. अशी मुलं कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत, कारण अर्ज न करणाऱ्याची नोंद कोण ठेवतो? आणि मग आपण म्हणतो की निवड गुणवत्तेवर झाली.

आमचा ट्रॅव्हल डेस्कवाला विमानात बसायच्या आधी फॉरेक्स कार्ड हातात देतो. तिकीट त्याने काढलेलं, हॉटेल त्याने बुक केलेलं. आमच्यावर प्रेम आहे म्हणून नव्हे, प्रोजेक्टचा खर्च प्रोजेक्टने करायचा असतो म्हणून. आपल्या संशोधन संस्थांना एवढं करायला काय हरकत आहे? मुलाकडे मंजुरीचं पत्र आहे, पैसे उशिरा का होईना येणारच आहेत, तर त्या पत्रावर दीड-दोन लाखांची उचल द्या आणि पैसे आले की वळती करून घ्या. एकदा फंड उभा केला की तोच फिरत राहील. सरकारी फाइलला ते जमत नसेल तर त्या संस्थांतून शिकून आज आपल्या कंपन्यांत बसलेले फिजिक्सवाले आहेतच की, प्रत्येक मोठ्या डेटा टीममध्ये एखादा तरी सापडतो. माझ्या टीममध्ये दोन आहेत. सोमवारी त्यांनाच विचारणार आहे.