मलेरियाचे इंजेक्शन मागू नका, आधी रक्त तपासा

पावसाळ्यात नांदेड-लातूरकडे हे नेहमीचे आहे. लेकराला थंडी वाजून ताप येतो आणि आई-बाप म्हणतात, "डॉक्टर, मलेरियाचं इंजेक्शन द्या." रक्त न तपासता आर्टीथर सुरू होते, तीन दिवस, रोज एक. ताप उतरतो, सगळे खूश. माझा या पद्धतीला ठाम विरोध आहे.

आर्टीथर हे आर्टेमिसिनिन गटातले औषध. ते मलेरियाचे जंतू झपाट्याने मारते, पण शरीरात फार काळ टिकत नाही. उरलेले जंतू वाढतात आणि काही आठवड्यांनी ताप परत येतो. अर्धवट उपचारांतूनच औषधाला दाद न देणारे जंतू फोफावतात. म्हणून एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्यांवर आपल्याकडे 2009 पासून बंदी आहे. मग जे गोळीला लागू, ते इंजेक्शनला का नाही?

फाल्सिपेरम मलेरियावर सरकारी केंद्रात मिळणारा संयुक्त उपचार असा: तीन दिवस आर्टेसुनेट, सोबत पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन. पहिले औषध जंतूंचा फडशा पाडते. दुसरे बरेच दिवस रक्तात राहून उरलेले टिपते. वयानुसार पाकिटाचा रंग वेगळा. 1 ते 4 वर्षांसाठी पिवळे. फुकट मिळते म्हणून ते हलके समजू नका.

व्हायवॅक्स मलेरियाचा उपचार वेगळा: तीन दिवस क्लोरोक्विन आणि यकृतात दडलेल्या जंतूंसाठी 14 दिवस प्रायमाक्विन. एक वर्षाखालील बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. आता सांगा, रक्त न तपासता यातला कोणता उपचार द्यायचा? शिवाय तो ताप डेंग्यूचा असेल तर?

"मग इंजेक्शन कधीच नको का?" हवे. मूल गुंगीत असेल, झटके येत असतील, काही पोटात ठरत नसेल, तर ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा. तिथे शिरेतून आर्टेसुनेट देतात. आफ्रिकेत पाच हजारांवर मुलांवर झालेल्या अभ्यासात (2010) क्विनाइनवरची 10.9 टक्के मुले दगावली, आर्टेसुनेटवरची 8.5 टक्के. पण मूल गिळू लागले की तिथेही गोळ्यांचा पूर्ण संयुक्त कोर्स द्यावाच लागतो.

किनवट-माहूरच्या वाडीत असा की लातूर शहरात, तापाच्या पहिल्याच दिवशी आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासा. डॉक्टरांना विचारा, "कोणता मलेरिया? सोबतची दुसरी गोळी कोणती?" गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर लगेच कळवा, डोस पुन्हा द्यावा लागतो. आणि ताप उतरला म्हणून गोळ्या बंद करू नका. ताप उतरला म्हणजे मलेरिया गेला असे नाही.