आकृतीचे साम्य आणि पृष्ठाचा दाखला

भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यातील भीमबेटका येथे, ज्या शैलाश्रयांचा शोध विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली लावला, त्यांपैकी ‘ऑडिटोरियम’ नावाच्या गुहेत २०२० साली काही भूवैज्ञानिकांना उंचावर एक पर्णाकृती ठसा दिसला. मधल्या कण्यापासून दोन्ही अंगांस फुटलेल्या त्याच्या शिरा पाहून तो डिकिन्सोनिया या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा जीवाश्म होय असा निर्वाळा एका लेखात देण्यात आला, आणि तेथील विंध्य खडकांच्या वयाचा जुना वादही त्या एका आकृतीच्या जोरावर निकालात निघाल्यासारखा झाला. पुढे भूवैज्ञानिक जोसेफ मीर्ट व त्यांचे सहकारी २०२२ च्या अखेरीस तेथे गेले, तेव्हा तो ‘जीवाश्म’ खडकावरून सुटू लागला होता. ते आग्या मोहोळाच्या पोळ्याचे अवशेष होते. मूळ लेखाचे प्रमुख लेखक ग्रेगरी रिटॅलॅक यांनी ही दुरुस्ती मान्य केली, हे त्यांना भूषणावहच.

पृष्ठमापनाच्या आपल्या व्यवसायातील मंडळींनी हा मामला परक्या खात्याचा म्हणून बाजूस सारू नये. बाह्यरेषांची तुलना करताना प्रॉक्रस्टीझ पद्धतीने आपण स्थान, दिशा व आकारमान वजा करतो आणि उरलेल्या फरकास अंतर म्हणतो. परंतु छायाचित्रातून काढलेल्या बाह्यरेषेत पृष्ठाची खोली उतरतच नसल्यामुळे, खडकात रुतलेली शीर आणि खडकास चिकटलेले मेण या हिशेबात एकच ठरतात. खोली मोजली तरी हाउसडॉर्फ अंतरात एखादा भरकटलेला बिंदू सारा निकाल फिरवतो, आणि सरासरी घ्यावी तर नेमकी अर्थपूर्ण विसंगती बुजते.

आम्हांस वाटते की, अशा ठिकाणी दूरच्या नमुन्याशी साम्य शोधण्यापेक्षा त्या पृष्ठाची त्याच्याच पूर्वीच्या मापनाशी केलेली तुलना अधिक बोलकी असते, कारण कोट्यवधी वर्षे टिकलेला ठसा दोन-तीन वर्षांत सुटू लागत नाही. मात्र दोन पॉइंट क्लाउड एकमेकांवर बसवताना, बेस्ल व मॅके यांच्या १९९२ च्या रीतीने निकटतम बिंदूंच्या जोड्या पुनःपुन्हा जुळवावयाच्या, त्या भोवतालच्या स्थिर दगडावरीलच असाव्यात; संशयित भागही त्यांत धरला, तर त्याची हालचाल सर्व पृष्ठभर वाटली जाऊन झीज अदृश्य होते. (प्रारंभीची मांडणी फार चुकीची असेल, तर ही रीत भलत्याच ठिकाणी स्थिरावते, हे तर जाणत्यांस ठाऊकच आहे.) यास्तव यापुढे लेखकांनी मूळ पॉइंट क्लाउड, तो घेतल्याची तारीख आणि जुळणीतून वगळलेल्या बिंदूंचा तपशील लेखासोबत पाठवावा; केवळ गुळगुळीत केलेला मेश मापनाचा दाखला म्हणून या दफ्तरी स्वीकारला जाणार नाही.