दंड कमी असला तरी चालेल, पण तो व्हायला हवा

खोकला किंवा दम लागण्याची तक्रार घेऊन कुणी आले की मी विचारतो, "काम कुठे करता? घराजवळ खडी क्रशर आहे का?" दगडाच्या धुळीतले सिलिकाचे बारीक कण फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात, फुफ्फुस हळूहळू कडक होत जाते. हा सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध आजही नाही. त्यामुळे धूळ थांबवणे हाच खरा उपाय, आणि तो कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत नाही.

तो कायद्यात आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यानुसार असा उद्योग चालवायला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते आणि त्या संमतीच्या अटी पाळाव्या लागतात.

अटी मोडल्या तर काय होते?

पूर्वी दीड ते सहा वर्षे कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दंड आणला : १० हजार ते १५ लाख रुपये, आणि उल्लंघन चालूच राहिले तर दररोज आणखी १० हजार. दंड मुदतीत भरला नाही तर मात्र कैद होऊ शकते. उद्योग बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे मंडळाचे अधिकार कायम आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना पर्यावरणाची नुकसानभरपाईही वसूल करता येते, असा निर्णय दिला.

कायदा मवाळ झाला, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. कैदेसाठी कोर्टात खटला उभा राहावा लागे. आता राज्य शासनाचा सचिव दर्जाचा अधिकारीही चौकशी करून दंड ठोठावू शकतो.

माझी भीती वेगळी आहे. किमान दंड १० हजारच होत राहिला, तर मालक तो डिझेलच्या खर्चात धरेल. अँटिबायोटिकचा अर्धा कोर्स घेतला की सगळे जंतू मरतातच असे नाही, उरलेले निर्ढावू शकतात. इथेही तसेच होईल. म्हणून रोजचा दंड खरोखर मोजला जावा, प्रत्येक आदेश लोकांना पाहायला मिळावा, आणि पुन्हा पुन्हा अटी मोडणाऱ्याची वीज तोडली जावी.

तुम्ही काय कराल? तारीख-वेळेसह फोटो ठेवा, मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकारात त्या उद्योगाचे संमतीपत्र मागवा. आणि धुळीत काम करत असाल तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता छातीचा एक्स-रे काढून घ्या.